त्रेसष्ट पिल्लांचा चार्ज

नानासोंचं म्हणणं एवढंच होतं, की चार्ज घ्यायचा तर लेखी घ्यायचा. बत्तीस वर्षं कोयनानगरला धरणाच्या पाणीपातळीची नोंद ठेवण्यात गेलेला माणूस. तिथं टाचण्यांचा डबासुद्धा यादीशिवाय या टेबलावरून त्या टेबलावर सरकत नसे. इथं तर जिवंत मासे होते, आणि तेही सुनेचे.

सून म्हणजे रेश्मा. पहिलटकरीण, सातवा सरत आलेला, दुसऱ्या दिवशी बाळंतपणासाठी सांगलीला माहेरी निघायची होती. नवरा पृथ्वीराज फौजेत, तिकडं सिक्कीमला. साताऱ्यातल्या घराच्या मागच्या खोलीत रेश्माने वर्षभरापासून फायटर मासे वाढवायला घेतले होते. फायटर म्हणजे बेट्टा जातीचे, निळे-तांबडे, लांब झुपकेदार शेपटीचे. दोन नर समोरासमोर आले की एकमेकांच्या शेपट्या फाडतात, म्हणून हे नाव. घरात या उद्योगाचं कुणालाच कौतुक नव्हतं. नानासोंनी तर सुरुवातीलाच "मासा रश्श्यात बरा दिसतो" असं आपलं मत नोंदवून ठेवलं होतं.

नानासोंच्या पत्नी अंजनाबाई त्याहून स्पष्ट होत्या. बाळ आलं की मागची खोली रिकामी पाहिजे, काचेच्या टाक्या भंगारात, असं त्यांनी सांगून टाकलेलं. रेश्माने हातापाया पडून मुदत मागून घेतली होती. सांगलीत माशांचं दुकान चालवणारे राजवर्धन मे महिन्याच्या सुरुवातीला तिची पिल्लं बघणार होते. पसंत पडली तर दर महिन्याला घेणार. पसंत पडली तर खोली राहणार, नाही पडली तर टाक्या जाणार, असं सासू-सुनेचं ठरलं. सगळा भार आता या पिल्लांवर, म्हणजे पर्यायाने नानासोंवर.

"त्रेसष्ट हायत, मामा," रेश्मा म्हणाली.

"मोजून दाखव."

पिल्लं तांदळाच्या दाण्याएवढी. एका जागी थांबतील तर शपथ. नानासोंनी काचेला नाक लावून तीनदा मोजली. पहिल्यांदा अठ्ठेचाळीस भरली, दुसऱ्यांदा एकाहत्तर, आणि तिसऱ्यांदा बावन्नला शिंक आली. शेवटी त्यांनी वहीत लिहिलं: 'नग त्रेसष्ट. पाण्याखाली व हालचाल करीत असल्याने प्रत्यक्ष मोजणी शक्य झाली नाही.' खाली 'देणार' म्हणून सुनेची सही घेतली आणि 'घेणार' म्हणून आपली ठोकली. सही करताना सून ओठ आवळून हसू दाबते आहे असा त्यांना संशय आला. पण गरोदर बाईवर संशय घेणं बरं नव्हे म्हणून तो त्यांनी मनातच ठेवला.

रेश्माने एकेक गोष्ट समजावून सांगितली. दिवसातून चार वेळा थोडं थोडं खाणं. गच्चीवर जाळी बांधलेल्या टपात डासांच्या अळ्या वाढतात, त्या रोज गाळून घ्यायच्या, एकीचाही डास व्हायच्या आत. टाकीवर झाकण कायम, कारण ही पिल्लं वर येऊन श्वास घेतात आणि त्यांना गार हवा सोसत नाही. देशी बदामाची दोन वाळकी पानं पाण्यात टाकायची. त्यानं पाणी कोऱ्या चहासारखं दिसतं, घाबरायचं नाही.

"आणि सगळ्यात म्हत्त्वाचं. रोज निम्मं पाणी काढून टाकायचं आणि तेवढं नवं भरायचं. जुन्या पाण्यात पिल्लं वाढत न्हाईत, खुजी ऱ्हात्यात."

नानासो मिशीत हसले. "पोरी, पाण्याचं मला सांगतीस व्हय?"

आणि घोळ नेमका तिथंच झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेश्माची गाडी कोपऱ्यावरून वळली. नानासोंनी रबरी नळीने टाकीतलं निम्मं पाणी बादलीत काढलं, बादली मोरीपाशी नेली आणि ते तिथं उभे राहिले. बादली काही कलंडेना. आता यात त्या बादलीचा काय दोष? नानासो मूळचे दुष्काळी म्हसवडकडचे. लहानपणी त्यांच्या घरी आंघोळीचं पाणी परातीत धरून ठेवत, त्यात भांडी निघत, आणि भांड्यांचं पाणी शेळ्या पीत. सहा वर्षांचे असताना त्यांच्या हातून एकदा घागर फुटली होती, तेव्हा आईने मारलं नव्हतं, ती नुसती ओल्या मातीकडं बघत बसली होती. ते बघणं नानासो विसरले नव्हते.

त्यावर पुढं धरणाची नोकरी. बत्तीस वर्षांत त्यांनी स्वतः कधी एक दरवाजा इंचभर उचलला नाही. पाणी सोडायचं तर या साहेबांची सही, त्यावर मोठ्या साहेबांची सही, नदीकाठच्या गावांना इशारा, मग भोंगा, आणि मग कुठं विसर्ग. नानासोंचं काम, किती साठलं ते लिहिण्याचं. साठलेलं पाणी बघून ज्याला शांत झोप लागते, त्याने धडधाकट, वासबीस नसलेलं अर्धी टाकी पाणी उन्हाळ्याच्या तोंडावर गटारात ओतायचं?

त्यांनी बादली उचलली आणि पाणी पुन्हा टाकीत ओतलं. हवेत उडून गेलेलं असेल तेवढं तांब्याभर वरून भरलं. वहीत लिहिलं: 'आवक: एक तांब्या. विसर्ग: निरंक.'

संध्याकाळी सांगलीहून फोन आला.

"मामा, पाणी बदललं न्हवं?"

"व्हय तर!" नानासो म्हणाले आणि घाईघाईने तिकडच्या उन्हाची चौकशी करू लागले. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. त्यामुळं ते जरा मोठ्यानेच बोलले.

शेजारी जोतीराम वस्ताद राहत. एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले, पण गल्लीत त्यांना ड्रायव्हर म्हणायची कुणाची हिंमत नव्हती. तरुणपणी दहा-वीस गावांच्या जत्रांत कुस्त्या मारलेल्या. तेव्हापासून जगातल्या सगळ्या दुखण्यांवर त्यांच्याकडं दोनच उपाय होते, जोर आणि खुराक. त्यांनी टाकीत डोकावून बघितलं आणि चुकचुकले.

"नानासो, ही फायटर हायत म्हणताय न्हवं?"

"व्हय."

"मग पैलवानच की गड्या! आणि पैलवानाला तुमी अळ्या घालताय? खुराक कुठाय? अंड्याचा बलक द्या, दुधात कालवून."

दूध नानासोंनी बाणेदारपणे नाकारलं. पाण्यात दूध घालणारा माणूस अशी आपली ख्याती होऊ नये एवढी काळजी त्यांना होतीच. बलक मात्र त्यांना पटला. उकडलेल्या अंड्याचा चिमूटभर बलक त्यांनी टाकला. पिल्लं धावून आली. वस्ताद खूश झाले. दुसऱ्या दिवशी चिमटीची मूठ झाली, आणि आठवड्याभरात रोज सकाळी एक अख्खा बलक टाकीत जाऊ लागला. निम्मा पिल्लं खात, निम्मा तळाला बसे. पाणी गढुळलं. नानासोंनी वहीत 'गाळ साचत आहे, पातळीवर परिणाम नाही' अशी नोंद केली.

तीन आठवड्यांनी त्यांनी काचेला शाळेतली पट्टी लावून पिल्लं मोजली. तांदळाच्या दाण्याएवढीच. आता गच्चीवरचा कढीपत्ता वाढत नव्हता हे एक वेळ समजण्यासारखं होतं, त्याला पाणीच मिळत नव्हतं. पण खुराक खाऊन पिल्लं जागच्या जागी?

"पैलवान आधी आतनं भरतोय, मग भाईर दिसतोय," वस्तादांनी दिलासा दिला.

नानासोंनी ठरवलं, एका टपाच्या अळ्या पुरत नसतील. त्यांनी गच्चीवर आणखी तीन टप मांडले. जाळी संपली म्हणून अंजनाबाईंचं जुनं लुगडं फाडून बांधलं. लुगड्याला एक भोक होतं. एवढंसं भोक, पण डासाला तेवढं पुरतं. आठ दिवसांत गल्लीभर लोक टाळ्या वाजवत फिरू लागले, आणि नवव्या दिवशी आरोग्य सेविका दारात आली.

तिचं नाव अपेक्षा. पाठीला पिशवी, हातात बॅटरी आणि एक पाण्याचा डबा. डेंग्यूची तपासणी चालू होती. नानासोंनी तिचं ओळखपत्र दोन्ही बाजूंनी वाचून मगच तिला गच्चीवर नेलं. तिने लुगडं बाजूला केलं आणि किंचाळली.

"काका! चारी टपांत अळ्याच अळ्या!"

"पाळलेल्या हायत," नानासो अभिमानाने म्हणाले.

अपेक्षाने आजवर 'कालच धुतलं होतं ओ' आणि 'ते शेजाऱ्यांचंय' अशी दोन उत्तरं हजारदा ऐकली होती. हे तिसरं तिला नवीन होतं. तिच्या फॉर्मवर टाकी, कुंडी, टायर, फ्रिजमागचा ट्रे असे रकाने होते. पाळीव अळ्यांना रकानाच नव्हता. तिने 'इतर' वर खूण केली. मग, नियमच होता तिचा, तिने डब्यातले गप्पी मासे चारी टपांत सोडले. नानासो "ओ, ओ!" म्हणेपर्यंत गप्पी कामाला लागले होते. घटकाभरात पिल्लांचं आठवड्याचं खाणं त्यांनी साफ केलं, आणि वर सात दिवसांत लेखी खुलासा द्या म्हणून नोटीस.

खुलासा या शब्दाने नानासोंना खरं म्हणजे बरं वाटलं. निवृत्तीनंतर त्यांना कुणी खुलासा मागितला नव्हता. "आत या, कारण दावतो," म्हणत ते तिला मागच्या खोलीत घेऊन गेले आणि टाकीचं झाकण उचललं.

वास आला. अपेक्षाने नाकाला ओढणी लावली. पाणी पिवळट, घट्ट. पिल्लं वरच्या कडेला आ करून लटकलेली. आणि तळाला, बलकाच्या गाळात, काही आडवी पडलेली.

"काका, पाणी कवा बदललं हुतं?"

नानासो चमचा शोधू लागले. दारात अंजनाबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या.

नानासोंनी चमच्याने एकेक मेलेलं पिल्लू बाहेर काढलं आणि कागदावर ठेवलं. चौदा. मेलेली पिल्लं हलत नाहीत, त्यामुळं ही मोजणी मात्र पहिल्याच फेरीत बिनचूक झाली. रोज संध्याकाळी ती पोर विश्वासाने विचारत होती आणि आपण रोज "व्हय तर" म्हणत होतो. स्वतःच्या पोटात जीव वाढवत असलेली पोर.

अंजनाबाई बोलणार, भरपूर बोलणार, अशी त्यांनी मनाची तयारी केली. अंजनाबाई हळूच म्हणाल्या, "मला खोली पायजे व्हती. पर अशी न्हवं."

त्या वाक्याने नानासो उठले. नळी लावली, बादली भरली, मोरीपाशी गेले. आणि पुन्हा हात थांबला! त्यांना स्वतःचाच राग आला. चौदा जीव गेले तरी हात कलंडत नाही म्हणजे काय माणूस आहे की बंधारा?

"आवं, द्या हिकडं," म्हणत अंजनाबाईंनी बादली ओढून घेतली, गच्चीवर नेली आणि मरायला टेकलेल्या कढीपत्त्याच्या कुंडीत निम्मी रिकामी केली. उरलेली तुळशीला. "झालं? कुठं वाया गेलं?"

नानासो कुंडीकडं बघत राहिले. पाणी वाया गेलं नव्हतं. पाण्याला फक्त लाभक्षेत्र नव्हतं, ते आता मिळालं होतं. एवढी साधी गोष्ट बत्तीस वर्षं धरणावर काढून आपल्या डोक्यात येऊ नये, आणि धरण फक्त सहलीला बघितलेल्या बायकोच्या यावी, याचं त्यांना जरा लागलं. पण दुखावलेला मान कुरवाळायला त्या दिवशी वेळ नव्हता. त्यांनी धावत जाऊन दुसरी बादली लावली, नळीच्या तोंडावरचा अंगठा उचलला, आणि पाणी खळखळलं. आयुष्यात पहिल्यांदा नानासोंनी स्वतःच्या हुकुमाने दरवाजा उघडला होता. राहवलं नाही म्हणून त्यांनी खिडकीतून गल्लीला इशाराही दिला.

"पाणी सोडतोय!"

जोतीराम वस्ताद घाबरून बाहेर आले. "कुठलं? कोयनेचं?"

बलक बंद झाला. वस्तादांनी जड मनाने परवानगी दिली, "पैलवानाला अपचन झालंय, थोडं दिवस हलकं द्या." अळ्यांचा प्रश्न अपेक्षानेच सोडवला. तिने खुलासा वाचला. तो साडेतीन पानांचा होता, त्यात चौदा पिल्लांचा उल्लेख होता, आणि शेवटी 'सदरहू चूक मला मान्य आहे' असं लिहिलं होतं. ती म्हणाली, "काका, वॉर्डात सापडलेल्या अळ्या नष्ट करायच्या एवढाच नियम हाय. कुणी खाऊन नष्ट केल्या तर चालतंय की!" मग रोज दुपारी ती बाटलीभर अळ्या आणून देऊ लागली. घरातले टप मात्र उपडे झाले ते झालेच. गल्लीतले डास कमी झाले, आणि त्याचं श्रेय नानासोंनी घेतलं नाही असं नाही.

आठ दिवसांत कढीपत्त्याला पोपटी कोंब फुटले. माशांचं पाणी म्हणजे खतच. वस्तादांनी ते बघितलं आणि आपल्या गुलाबासाठी बादली मागितली. गुलाबाला कळ्या आल्यावर समोरच्यांनी मागितली, त्यांच्या शेजारच्यांनी मागितली, आणि पंधरा दिवसांत सकाळी नानासोंच्या फाटकापाशी बादल्यांची रांग लागली. नानासोंनी एक अट घातली: कालचं भरून ठेवलेलं, नळाच्या औषधाचा वास उडून गेलेलं एक बादली पाणी आणायचं, आणि तेवढंच माशांचं न्यायचं. म्हणजे वाया काहीच नाही! हा करार सुचला त्या दिवशी नानासो गच्चीवर एकटेच दोन येरझारा घालून आले.

फाटकावर पुठ्ठा लागला, कालव्याच्या पाण्याच्या पाळ्या लावतात तसा: 'उन्हाळी आवर्तन. पाळीपत्रक.' आणि पुठ्ठा लागला म्हणजे भांडणं आलीच. गल्लीच्या टोकाला, कालव्याच्या भाषेत टेलला, राहीबाईंचं घर. त्यांच्या मोगऱ्याची पाळी शेवटची.

"टेलला पाणी पोचत न्हाई!" राहीबाई फाटकात उभ्या राहून गरजल्या. "वरची मानसं मधीच दोन-दोन बादल्या उचलत्यात. कालव्यावर हेच, आणि हितं बी हेच!"

"राहीबाई, आमी नियमानं देतोय."

"नियम मला सांगू नगा. माज्या बापाचं शेत टेललाच व्हतं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्ज आणला. खाली अकरा सह्या होत्या. गल्लीत घरं नऊ. तरी नानासोंनी अर्ज दाखल करून घेतला, त्यावर आवक क्रमांक टाकला आणि निर्णय दिला: सकाळी वरची घरं, संध्याकाळी टेल. म्हणजे आता दिवसातून दोनदा पाणी बदलायला लागलं. एखाद्या दिवशी कंटाळा करावा म्हटलं तर राहीबाई बादली घेऊन दारात बसत. अशा सक्त देखरेखीत कुठल्या पिल्लांची न वाढायची हिंमत होती?

पिल्लं वाढली. एप्रिलमध्ये शेंगदाण्याएवढी झाली, मग बोटाच्या पेरापेक्षा लांब. रंग चढले. कुणी निळं, कुणी तांबडं, एक तर पिकल्या करवंदासारखं काळंभोर. आणि एका सकाळी दोन नरांनी गालफडं फुगवून एकमेकांना आव्हान दिलं. वस्ताद "सोडा, सोडा, जोड बरुबर हाय!" म्हणेपर्यंत एकाची शेपटी फाटली होती. नानासोंनी खोलीतून वस्तादांना बाहेर काढलं आणि नर वेगळे करायला घेतले. एका नराला एक बरणी. एवढ्या बरण्या कुठून? पाळीपत्रकावर नवी ओळ आली, 'प्रत्येक घराने बरण्या जमा कराव्यात', आणि लोणच्याच्या, कॉफीच्या, मधाच्या बरण्या धुऊन-पुसून आल्या. राहीबाईंनी सर्वांत मोठी दिली, टेलची म्हणून लक्षात राहावी म्हणून. एकवीस नर एकवीस बरण्यांत बसले. मध्ये पुठ्ठे, म्हणजे एकमेकांचं तोंड दिसू नये.

त्याच आठवड्यात सांगलीहून फोन आला. मुलगी झाली होती. बारशाच्या दिवशीच राजवर्धन रेश्माच्या माहेरी येऊन मासे बघणार होते.

माद्या आणि घराची किल्ली, दोन्ही अपेक्षाच्या हवाली लेखी झाली. नानासो, अंजनाबाई आणि एकवीस बरण्या गाडीत बसल्या. चालवायला वस्ताद. त्यांना मागून पुढं जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा राग येत होता, पण बरणी हिंदकळली की नानासो खाकरत, त्यामुळं त्यांनी चाळिसाच्या वर वेग नेला नाही. वाटेत एका नाक्यावर पोलिसाने हात केला. त्याने मागच्या सीटवर बघितलं: नऊवारीतल्या बाई, आणि त्यांच्या भोवती बदामाच्या पानांनी तांबूस झालेल्या पाण्याच्या बरण्याच बरण्या.

"काय हाय ह्यात?"

"फायटर," वस्ताद म्हणाले.

पोलिसाने हा ब्रँड ऐकला नव्हता. त्याने एक बरणी उचलली, झाकण उघडून वास घेतला. आतल्या निळ्या नराला त्याची मिशी दिसली असावी. त्याने गालफडं फुगवून काचेवर धडक मारली. पोलीस दोन पावलं मागं सरकला आणि मग हसतच सुटला. "जावा, जावा. लय तापट हाय ओ!" नानासोंनी वहीत लिहिलं: 'नाक्यावर तपासणी. बरणी क्रमांक सात उघडली. नुकसान नाही.'

बारसं झालं. घुगऱ्या वाटून झाल्या. नाव राजनंदिनी ठेवलं. मग पडवीतल्या बाकावर एकवीस बरण्या ओळीने मांडल्या गेल्या आणि राजवर्धन खाली वाकले. बोलणं कमी असलेला माणूस. त्यांनी खिशातून छोटा आरसा काढला आणि एकेका बरणीला लावत निघाले. आरशात दुसरा नर दिसला की निरोगी मासा पिसारा फुलवतो. पहिला फुलला, दुसरा फुलला. पाचवा नुसताच बसून राहिला. रेश्माने पदर मुठीत धरला. अंजनाबाईंनीसुद्धा धरला, हे नानासोंनी बघितलं. राजवर्धननी काचेवर टिचकी मारली, आणि पाचवा असा उसळला की पाण्याचा थेंब त्यांच्या चष्म्यावर उडाला.

"एक नंबर," राजवर्धन म्हणाले. "सगळे घेतो. आणि दर महिन्याला वीस द्या. पण ह्याचं पाणी कोण बघत होतं? असं पाणी राखणं सोपं न्हाई."

रेश्माचा चेहरा उजळला. "आमच्या मामांनी बघितलं सगळं!"

आता गप्प बसलं असतं तर कुणाला काय कळणार होतं? वस्तादांनी डोळ्याने तसं सुचवलंही. पण नानासोंनी पिशवीतून वही काढली आणि सुनेपुढं धरली. रेश्मा वाचू लागली. 'विसर्ग: निरंक.' दुसऱ्या दिवशी, 'निरंक.' महिनाभर निरंक. मग एक ओळ: 'मयत चौदा.'

"तू फोनवर इचारायचीस आणि मी खोटं सांगायचो," नानासो म्हणाले. "चौदा पिल्लं माझ्यापायी गेली, पोरी. पाणी ओतायचा हात व्हईना मला. त्रेसष्टचा चार्ज घेतला, एकुणपन्नास परत देतोय. वहीत जसं हाय तसं लिवलंय."

रेश्माने वही मिटून बाकावर ठेवली.

"मामा, माझी पिल्लांची पयली खेप झाली तवा शंभरातली चार ऱ्हायली हुती," ती म्हणाली. "आत्तीस्नी ठाव न्हाई. मी सांगितलंच न्हवतं."

"मला ठाव व्हतं," अंजनाबाई म्हणाल्या. "मोरीच्या जाळीवर दिसली व्हती. म्हनूनच खोली मागत हुते, तुजं रडनं बघवंना म्हनून." मग पदर सोडून त्या नेहमीच्या आवाजात आल्या. "ऱ्हाऊ दे ती खोली. पाळणा आमच्या खोलीत लावू. आणि राहीबाईला काय सांगनार, आवर्तन बंद म्हनून? ती मला गल्लीत ऱ्हाऊ देईल व्हय?"

रेश्मा हसली, डोळे पुसले, आणि आत जाऊन दुपट्यात गुंडाळलेलं बाळ घेऊन आली. बाकावर वही उघडून तिने नवं पान घेतलं आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं: 'नग एक. दुपारी दोन ते चार, मासे बघायच्या वेळेत.' खाली 'देणार' पुढं सही केली आणि पेन नानासोंच्या हातात दिलं.

"मला?" नानासो म्हणाले. "चौदा घालवलेल्या माणसाला?"

"खरं लिवनाऱ्या माणसाला," रेश्मा म्हणाली. "मोजून घ्या."

नानासोंनी नात मांडीवर घेतली. डोकं एक, नाक एक, मुठी दोन. उजवी मूठ त्यांच्या अंगठ्याभोवती आवळलेली. एका हाताने त्यांनी शेरा लिहिला: 'प्रत्यक्ष मोजणी केली. बरोबर आहे.' 'घेणार' पुढं सही करणार तेवढ्यात मांडीवर काहीतरी कोमट पसरलं, धोतरातून उतरलं आणि वहीच्या कोपऱ्यापर्यंत पोचलं.

"अगं अगं! इशारा न देता?" नानासो ओरडले.

सगळी पडवी हसायला लागली. अंजनाबाई बाळ घ्यायला धावल्या, पण नानासोंनी ते सोडलं नाही. तसेच ओले बसून राहिले, आणि शाई फुटलेल्या त्या पानावर, सहीच्या वरच्या जागेत, त्यांनी आधी दिवसाची नोंद पुरी केली: 'विसर्ग: सुरू. तक्रार नाही.'